‘होती’ हा शब्द कुठे गेला?

माझी भाची तीन वर्षांपासून एक कादंबरी लिहीत आहे. तिच्यातल्या निवेदिकेच्या आठवणी एका कंपनीकडे साठवलेल्या आहेत आणि हप्ता थकला की कंपनी त्या एकेक करून काढून घेते. जसजशा आठवणी जातात, तसतशी निवेदनातली भूतकाळाची क्रियापदे गळत जातात. ‘आई खिडकीपाशी बसली होती’ हे पहिल्या प्रकरणातले वाक्य शेवटच्या प्रकरणात ‘आई खिडकीपाशी’ एवढेच उरते. गेल्या आठवड्यात तिने मला ‘दुरुस्त’ खर्डा पाठवला, त्यात प्रत्येक ‘होती’ परत जागेवर आली होती. कारण विचारल्यावर तिने सध्या सगळीकडे फिरणारा एक मजकूर दाखवला: नवोदितांनी सायबरपंक (संगणक आणि बलाढ्य कंपन्यांनी व्यापलेल्या भविष्यातल्या विज्ञानकथा) आणि प्रयोगशील कादंबऱ्यांच्या नादी का लागू नये, याची पाच कारणे. हाच मजकूर माझ्याकडे याआधी दोनदा आला होता आणि मी तो सोडून दिला होता. आता सोडवत नाही.

पहिले कारण म्हणे, सायबरपंक लिहायला संगणकतज्ज्ञ असावे लागते. ज्या कादंबरीने हा प्रकार जगभर पोहोचवला, ती विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) साध्या टाइपरायटरवर लिहिली गेली आणि त्या वेळी आपल्याला संगणकाची फारशी माहिती नव्हती, हे लेखकाने स्वतःच सांगितले आहे.

दुसरे कारण, या प्रकाराची भाकिते खरी ठरली, म्हणून तो आता कालबाह्य झाला. याच कादंबरीत मोबाइल फोन नाहीत. नायक सार्वजनिक फोनच्या रांगेवरून चालत जातो आणि तो पुढे सरकेल तसा एकेक फोन एकदाच वाजतो, कारण एक यंत्रबुद्धी त्याला गाठू पाहत असते. भाकीत म्हणून हे साफ चुकले आहे. तरीही ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण कुठेही गेलो तरी आपला माग काढणारे कोणीतरी आहे ही भीती त्यात आहे, आणि ती फोनच्या प्रकारावर अवलंबून नाही.

तिसरे, यात तंत्रज्ञानाचे नुसते कौतुक असते. मालकांकडे चोरी केली म्हणून ते नायकाची मज्जासंस्था विषाने निकामी करतात, इथून ही कादंबरी सुरू होते. निऑनचे दिवे, पाऊस आणि काळे चष्मे एवढ्यावरच भागवणारे लिखाण पुष्कळ आहे, हे मात्र मला मान्य करावे लागते. पाचवे कारण, असले लिखाण वाचकांना नको असते, त्याला उत्तर एवढेच की विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनाचे सदस्य मते देऊन जो ह्यूगो पुरस्कार ठरवतात, तो याच कादंबरीला मिळाला.

भाचीचे खरे नुकसान चौथ्या कारणाने केले: ‘ज्याला गोष्ट सांगता येत नाही, तो प्रयोग करतो.’ जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने १९६९ साली एक अख्खी कादंबरी रोमन लिपीतले ‘ई’ हे अक्षर एकदाही न वापरता लिहिली. फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त वापरले जाणारे अक्षर हेच आहे. ही नुसती कसरत वाटेल, पण पेरेकचे वडील १९४० साली युद्धात मारले गेले आणि आईला १९४३ साली आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत नेण्यात आले, तिथून ती परतली नाही. फ्रेंचमधले ‘आई’ आणि ‘वडील’ हे दोन्ही शब्द या अक्षरावाचून लिहिताच येत नाहीत, इतकेच काय, पेरेकला स्वतःचे नावही लिहिता येत नाही. नाहीसे होण्याविषयीची ती कादंबरी ज्या भाषेत लिहिली आहे, तिच्यातूनच आई-वडील नाहीसे झाले आहेत. हे सरळ निवेदनात सांगता आले असते, पण मग वाचकाला ते फक्त कळले असते. इथे त्याला पानोपानी त्या उणिवेतून चालावे लागते.

पोकळ प्रयोग असतात, मीही काही अर्ध्यावर सोडले आहेत. त्यांची रचना काढून टाकली तरी गोष्टीचे काही बिघडत नाही, आणि मी ओळखतो ते यावरूनच.

भाचीला मी जुना खर्डा परत पाठवला आहे आणि त्यात एकाच ओळीखाली रेघ मारली आहे: ‘आई खिडकीपाशी’. तिथे ‘बसली होती’ घातले, तर कंपनीने काहीच नेले नाही असा अर्थ होतो; मग त्या कादंबरीत घडले तरी काय?