टीव्हीवर दिसतो म्हणजे पैसेवाला?

आज धुळ्यात लग्नाला गेलो होतो. डोकं अजून तापलेलं आहे.

माझा मामेभाऊ एका मालिकेत दिवाणजीचं काम करतो. मांडवात सेल्फीला ही गर्दी! नवरदेवाच्या काकांनी पाठीवर थाप मारली, "आते काय भाऊ, मोठा माणूस व्हई गया तू! कितला पैसा भेटतस रे?" तो नुसता हसला. आहेराचं पाकीट मामीने भरलं होतं, हे मला माहीत होतं.

त्याचा हिशोब 'पर डे'चा. महिन्यातले सात-आठ दिवस बोलावणं, तेही आदल्या रात्री फोन करून. त्यामुळे दुसरं काम धरता येत नाही. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन जातं, टीडीएस कापतात, उरलेले पैसे नव्वद दिवसांनी. नव्वद! आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला असं सांगून बघा, टोपली तिथेच ठेवून निघून जाईल.

मामाच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी याचे तीन महिन्यांचे पैसे अडकलेले. प्रोडक्शनच्या अकाउंटवाल्याचं एकच पालुपद, "चॅनलकडून आले नाहीत." त्याच आठवड्यात सेटवर पाचशेव्या भागाचा केक कापला, फोटोत हाही हसतोय.

मान्य, मालिका मुख्य चेहऱ्यांवर चालते. त्यांना जास्त द्या. पण सकाळी सातला मेकअप करून बसलेल्या माणसाचा दोन ओळींचा सीन रात्री घेता, त्या दिवसाला काही किंमत आहे की नाही? "कुणी जबरदस्ती केली होती?" असं विचारणाऱ्यांनी राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर त्याला बघायला हवं होतं.

काम मात्र जीव ओतून करतो. चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून मान किंचित तिरकी करतो ना, ती आमच्या आजोबांची लकब. ते शिरपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये खरोखरचे दिवाणजी होते. मामी ते बघून दर वेळी डोळे पुसते.

आणि तोच भाग दुपारी पुन्हा लागतो, ॲपवर तर कायमचा, मध्ये मध्ये जाहिराती. याला पैसे एकदाच. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क निदान कायद्यात आला. दिवाणजीला कोण विचारतो? 'सिंटा' ही कलाकारांची संघटना आहे, तक्रार करता येते, हेही खरं. पण तक्रार केली की पुढचा फोन येत नाही, ही भीती त्याच्या पोटात कायम.

माझ्या मित्रयादीत निर्मितीतली दोन-तीन मंडळी आहेत. वाचत असाल तर सरळ सांगा, महिन्याच्या आत पैसे द्यायला तुम्हाला नेमकं काय आडवं येतं?