नागपुरात समुद्र आणायचाच असेल तर

समुद्र लांब आहे ही रड आता पुरे. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा झाला, पण तेवढं तरी जायचं कशाला? दिवाणखान्यातली शोकेस हलवली की दोनशे लिटरचा समुद्र, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ पाळायची काचेची टाकी, आरामात बसतो. आधी गोड्या पाण्यातले गप्पी पाळून हात बसवा, असं कोणी सांगेल. त्याचं ऐकू नका. तुम्ही व्हिडिओ पाहिले आहेत.

सुरुवात मिठापासून. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तुम्हाला सात किलो लागणार. रीफसाठीचं, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठीचं, मीठ बादलीने मिळतं आणि बादलीची किंमत घरात सांगायची नसते. त्यापेक्षा इतवारीतून खडेमीठ आणा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम हवं तेवढं नसतं म्हणे. प्रवाळाला सांगाडा बांधायला ते लागतं म्हणे. बांधेल कसातरी. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटरही नको. तुमच्याकडे जीभ आहे, तीही सावजी रश्श्यावर तयार झालेली.

पाणी नळाचंच घ्या. पेंचचं पाणी पिऊन आपण एवढे मोठे झालो, माशांना काय होतंय! ज्यांना हौस आहे ते आरओ आणि वर डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणारा फिल्टर, लावून पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) शून्यावर आणतात आणि वाया गेलेलं पाणी कूलरमध्ये ओततात. मग मे महिन्यात कूलरच्या वाळ्यावर पांढरे थर धरतात, हवा येत नाही, आणि घरात टाकीचा विषय निघतो.

यानंतरचा टप्पा कंटाळवाणा आहे, तो गाळा. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विषारी. या जिवाणूंची वस्ती दगडांवर जमायला चार ते सहा आठवडे जातात आणि तोवर टाकीत पाहायला नुसते दगड. पाहुण्यांना काय दाखवणार? शनिवारी टाकी भरा, रविवारी मासे सोडा. सोमवारी एक मासा कोपऱ्यात पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत उभा दिसेल. दुकानदाराला फोन लावा. ‘भाऊ, पाणी बसलं नसन तुमचं,’ असं म्हणून तो एक बाटली देईल. बुधवारी दुसरा मासाही देईल.

निवड रंगावर करा. निळा टँग मासा दुकानात बोटाएवढा असतो. पुढे तो फूटभर होतो आणि त्याला पोहायला मैदान लागतं, पण ते पुढचं पुढे. क्लाउनफिश घेताना ‘एक नर, एक मादी’ असं ठणकावून सांगा. ते सगळे आधी नरच असतात. जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो. घरात कोणाचं चालतं हा वाद त्यांच्यात असा मिटतो.

प्रवाळ महाग वाटले तर अंदमानला निघालेला एखादा दोस्त ‘बॅगेत टाकून आणतो नं बे’ म्हणेलच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणारे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. ताडोब्यातून वाघाचा बछडा बॅगेत घालून आणशील का, असं त्या दोस्ताला विचारून उगाच मैत्री बिघडवू नका.

राहिला उन्हाळा. प्रवाळांना 24 ते 26 अंश लागतात, नवतप्यात बाहेर 45. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पांढरा रंग सोफ्याला शोभेल. चिलर घेतलात तर तो पाणी थंड करून सगळी गरमी खोलीत सोडतो, मग खोलीसाठी एसी, आणि त्या दोघांसाठी वेगळं बिल. पाण्यावर पंखा लावणं स्वस्त. आपल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि गारही होतं. फक्त उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून वरून रोज क्षार नसलेलं शुद्ध पाणी घालायचं असतं. हे कोणालाही समजावून सांगू नका, आपोआप कळतं.

मे महिन्यातच अकोल्याला लग्न निघेल. शेजारच्या काकूंना चावी द्या आणि ‘चिमूटभर खाणं घाला, पाणी कमी वाटलं तर टाका’ एवढंच सांगून बिनधास्त जा. परत आल्यावर टाकी ताकासारखी दिसेल. काकूंना विचारा.

‘अजी, बिचारे काचेपाशी येऊन पाहून राह्यले होते. उपाशी ठेवू का मंग? डबा संपला तुमचा. अन् पाणी लय कमी झालं होतं, तेही टाकलं. मीठ घालूनच टाकलं जी, काळजी नका करू.’