दोन डॉलरची चिप आणि ‘टंचाईचं नाटक’

२०२१ साली गाड्यांचे कारखाने चिपअभावी बंद पडत होते. त्याबद्दलचा एक मजकूर अजूनही एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरतो आहे. परवा तो मला तिसऱ्यांदा आला. या वेळी खाली ‘आता तरी डोळे उघडा’ अशी पुरवणी होती. मजकूर थोडक्यात असा:

“गाडीतली चिप दोन डॉलरची. तेवढ्यासाठी कारखाने बंद पडले म्हणे! त्याच काळात मोबाइल आणि लॅपटॉप धडाधड विकले जात होते, त्यांना चिप्स कशा मिळाल्या? आग, वादळ, लॉकडाउन या सगळ्या सबबी. चिप बनवणाऱ्यांनी एक पाळी वाढवली असती तर महिन्याभरात प्रश्न मिटला असता. खरं म्हणजे कंपन्यांनी तयार गाड्या मैदानांत दडवल्या, भाव चढवले आणि रग्गड नफा कमावला. काम झालं, टंचाई गायब!”

लिहिणारा अडाणी नाही. यातली दोन-तीन वाक्यं खरी आहेत, म्हणूनच मजकूर वाचणाऱ्याला पटतो. घोळ आहे तो त्या वाक्यांवरून काढलेल्या निष्कर्षात.

“दोन डॉलरच्या चिपसाठी कारखाना बंद?”

हो, बंद. दाराची काच वर-खाली करणारी यंत्रणा घ्या. पूर्वी तिथे हँडल असायचं. आता दाराच्या पत्र्याआड एक छोटा सर्किट बोर्ड असतो. बटण दाबलं की त्या बोर्डावरचा नखाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे ठरावीक काम सांभाळणारी छोटी चिप, मोटर चालू करतो. काच वर जात असताना तो मोटरच्या करंटवर नजर ठेवून असतो. मध्ये लहान मुलाचा हात आला की मोटरला जोर लागतो, करंट वाढतो आणि काच तिथल्या तिथे उलट फिरून खाली येते. आता एवढी एकच चिप नाही असं समजा. इंजिन बसलंय, रंग झालाय, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही, पण काच हलत नाही. ही गाडी विकणार कुणाला? हीच चिप एअरबॅगची किंवा ब्रेकची असेल तर विकणं लांबच, गाडी रस्त्यावर आणायलाच परवानगी मिळणार नाही. आजच्या एका गाडीत हजार-दीड हजार चिप्स सहज असतात, आणि त्यातली एक नसेल तर बाकीच्या असून नसल्यासारख्याच.

जिथे चिपशिवाय भागणार होतं तिथे कंपन्यांनी भागवलंही. प्यूजोने ३०८ या मॉडेलमध्ये डिजिटल स्पीडोमीटर काढून जुन्या पद्धतीचा काट्याचा बसवला. बीएमडब्ल्यूने काही मॉडेलांतली टचस्क्रीनची सोय काढली. जनरल मोटर्सने काही गाड्या सीट गरम करण्याच्या सोयीविना विकल्या. माल दडवून भाव चढवणारा दुकानदार स्वतःचाच माल असा उणा करून विकायला काढत नाही.

आता यातला खरा मुद्दा. चिप स्वस्त आहे म्हणजे ती हवी तेवढी मिळणार, असं मजकूर गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती स्वस्त होती म्हणूनच तुटवडा पडला. या चिप्स जुन्या तंत्राने, जुन्या यंत्रांवर बनतात. त्या यंत्रांचा खर्च केव्हाच वसूल झालेला असतो, म्हणून तर ती दोन डॉलरला परवडते. पण तीच चिप जास्त बनवण्यासाठी नवा कारखाना उभारायचा म्हटलं की खर्च अब्जावधी डॉलरच्या घरात जातो आणि तो दोन-दोन डॉलरनी वसूल करायला कुणी तयार होत नाही. वर्षानुवर्षं नवी गुंतवणूक गेली ती सर्वांत बारीक, सर्वांत महागड्या चिप्सकडे. जुन्या लायनी होत्या तेवढ्याच राहिल्या, गाडीत मात्र दरवर्षी चिप्स वाढत गेल्या.

“मग मोबाइलला कशा मिळाल्या?”

प्रश्न रास्त आहे. अर्धं उत्तर सोपं: फोनचा मुख्य प्रोसेसर आणि गाडीतला मायक्रोकंट्रोलर एका लायनीवर बनतच नाहीत. २०२० मध्ये महागड्या फोनचे प्रोसेसर ५ नॅनोमीटर तंत्रावर आले होते (हा आकडा जितका लहान, तितकं तंत्र नवं आणि चिपवरची नक्षी बारीक). गाडीतले मायक्रोकंट्रोलर ४०, ९०, काही तर १८० नॅनोमीटरच्या तंत्रावर बनतात. पहिल्याची लायन रिकामी असली तरी तिचा दुसऱ्याला उपयोग नाही.

उरलेलं अर्धं उत्तर गाडी कंपन्यांना अडचणीचं आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने नेमकं तेच सोडून दिलंय. फोनमध्ये फक्त प्रोसेसर नसतो. स्क्रीन चालवणारी चिप, बॅटरीतून योग्य तेवढा व्होल्टेज पुरवणारी चिप, या जुन्याच लायनींवर बनतात, म्हणजे गाडीच्या चिप्सच्या शेजारी. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये शोरूम बंद झाल्या तेव्हा गाडी कंपन्यांनी चिप्सच्या ऑर्डरी कापल्या. त्याच आठवड्यांत घराघरांत शाळा आणि ऑफिसं भरायला लागली होती. लॅपटॉप, वेबकॅम, राउटर, गेमिंग कन्सोल यांची मागणी उसळली. रिकाम्या झालेल्या जागा त्यांनी घेतल्या. काही महिन्यांत गाड्यांची विक्री सगळ्यांच्या अंदाजापेक्षा लवकर सावरली, गाडी कंपन्या परत रांगेत आल्या, आणि रांग तोवर फार लांब गेली होती.

तिथे वशिला चालेल म्हणावं तर तोही नव्हता. जगातली सर्वांत मोठी कंत्राटी चिप उत्पादक म्हणजे तैवानची टीएसएमसी. २०२० मध्ये तिच्या महसुलात गाड्यांच्या चिप्सचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. गाडी कंपन्यांना आयुष्यभर सवय ‘आम्ही सांगू तेव्हा, सांगू तितकं’ या थाटात पुरवठादारांशी बोलायची. इथे गाठ पडली ती त्यांच्यावाचून काही न अडणाऱ्याशी.

शिवाय गाडी कंपनी चिप विकत घेतच नव्हती. ती ब्रेकची किंवा एअरबॅगची अख्खी यंत्रणा घ्यायची बॉश, कॉन्टिनेंटल, डेन्सो यांच्याकडून. ते चिप घ्यायचे एनएक्सपी, इन्फिनिऑन, रेनेसासकडून. आणि या चिपवाल्या कंपन्यांचा बराचसा माल शेवटी टीएसएमसीसारख्या कारखान्यात तयार व्हायचा. त्यामुळे आपल्या गाडीत नेमकी कोणती चिप आहे आणि ती कुठे बनते, हे गाडी कंपनीच्या खरेदी खात्यात धड कुणाला सांगता येत नव्हतं. त्यात माल साठवायचा नाही, लागेल तेव्हा मागवायचा, ही कित्येक वर्षं मिरवलेली शिस्त. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने कंपन्यांकडून माहिती मागवून जानेवारी २०२२ मध्ये जे आकडे मांडले, त्यांत चिप वापरणाऱ्या कंपन्यांकडचा मध्यक साठा (निम्म्या कंपन्यांकडे याहून कमी, निम्म्यांकडे जास्त) २०१९ मधल्या ४० दिवसांवरून २०२१ मध्ये ५ दिवसांच्याही खाली आलेला होता. पाच दिवसांचा साठा म्हणजे एखादं जहाज उशिरा आलं तरी लायन थांबते.

तेव्हा कंपन्यांना दोष द्यायचाच तर हा द्या, जागा भरपूर आहे. पण हा अंदाज चुकल्याचा दोष झाला. कट केल्याचा पुरावा म्हणून तो चालणार नाही.

“आग, वादळ, या सगळ्या सबबी”

१९ मार्च २०२१ ला जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्यात आग लागली. इबाराकी प्रांतातला हा कारखाना गाडीतल्या मायक्रोकंट्रोलरचा मोठा पुरवठादार. आग मुलामा देण्याच्या यंत्रातून सुरू झाली. जळालेला भाग इमारतीच्या मानाने छोटा होता, पण चिपच्या कारखान्यात धूळ म्हणजे विष. काजळी पसरली की सगळी क्लीन रूम, म्हणजे चिप बनवण्याची धूळमुक्त खोली, पुसून, तपासून परत उभी करावी लागते. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला सुमारे महिना लागला आणि आधीच्या पातळीवर यायला जून उजाडला. महिनाभर आधी टेक्ससमधल्या हिमवादळात वीज गेल्यामुळे ऑस्टिनमधले सॅमसंग, एनएक्सपी आणि इन्फिनिऑनचे कारखाने बंद पडले होते. पुढे मलेशियात, जिथे चिप्सचं पॅकेजिंग (म्हणजे चिपला संरक्षक कवच आणि पिना बसवणं) आणि चाचणी मोठ्या प्रमाणावर होते, लॉकडाउन लागला. या गोष्टी ठरवून घडवता येत नाहीत. एरवी एकेक घटना साठ्यावर निभावून गेली असती. साठाच नव्हता.

“एक पाळी वाढवली असती तर…”

चिपचे कारखाने आधीच दिवसाचे चोवीस तास, वर्षभर चालतात. वाढवायला पाळी शिल्लक नव्हती.

आणि महिन्याभराचं काय? सिलिकॉनची चकती आत गेल्यापासून चिप बनून बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. चकतीवर थर चढवायचा, त्यावर प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग खोदून काढायचा, धुवायचं, मोजायचं, आणि पुन्हा पुढचा थर. अशा शेकडो पायऱ्या. घाई केली की चकती वाया. मग कापणं, पॅकेजिंग, चाचणी, त्याला आणखी काही आठवडे. म्हणजे जानेवारीत मान्य झालेली ऑर्डर हातात पडेपर्यंत उन्हाळा.

नवा कारखाना हवा तर जपानमधल्या कुमामोतोचं उदाहरण आहे. टीएसएमसीने सोनीबरोबर तो उभारायचं २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं, नंतर डेन्सोही आली, सरकारने पैसा ओतला, बांधकाम रात्रंदिवस चाललं. मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन सुरू झालं डिसेंबर २०२४ मध्ये. तीन वर्षं, आणि हा वेगाने झालेला प्रकल्प मानला जातो.

“मग दुसरी चिप बसवा ना” असंही कुणीतरी त्या मजकुराखाली लिहिलं होतं. फोन दोन-तीन वर्षं खिशात राहतो. गाडीतली चिप बॉनेटखाली उणे ४० ते अधिक १२५ अंश सेल्सिअसपर्यंत, खड्ड्यांचे हादरे खात, पंधरा वर्षं चालावी लागते. नवी चिप त्या कसोट्यांवर तपासायला महिनेच्या महिने जातात. तिच्या पिना वेगळ्या, म्हणजे बोर्ड नवा. आतली रचना वेगळी, म्हणजे सॉफ्टवेअर नवं, आणि ब्रेकचं सॉफ्टवेअर नवं म्हटलं की सगळ्या सुरक्षा चाचण्या पुन्हा. टेस्लाने हे करून दाखवलं. मिळतील त्या मायक्रोकंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं आणि त्या काळात इतरांपेक्षा बरी सावरली. पण तिचं बरंच सॉफ्टवेअर घरातच लिहिलेलं असतं. ज्यांचं सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या कुलपात होतं त्यांना ही वाट नव्हती.

“गाड्या दडवल्या, भाव चढवले, नफा कमावला”

मैदानांत गाड्या उभ्या होत्या, हे खरंच आहे. फोर्डचे हजारो ट्रक केंटकीतल्या मोटार शर्यतींच्या मैदानावर ओळीने लावलेले होते. जनरल मोटर्सने २०२२ च्या जूनअखेर आपल्याकडे अर्धवट राहिलेल्या ९५,००० गाड्या असल्याचं सांगितलं. सांगितलं कुणाला, तर आपल्याच गुंतवणूकदारांना, उघडपणे. दडवलेला माल असा कुणी जाहीर करत नाही. ‘तयार’ हा शब्दही मजकुराने पदरचा घातलाय. या गाड्या एकेका सुट्या भागासाठी अडलेल्या होत्या.

नफ्याचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. हाती असलेल्या चिप्स कंपन्यांनी आधी महागड्या, जास्त नफ्याच्या मॉडेलांत घातल्या, स्वस्त गाड्या मागे पडल्या, सवलती गायब झाल्या. जनरल मोटर्सचा निव्वळ नफा २०२० मधल्या सुमारे ६.४ अब्ज डॉलरवरून २०२१ मध्ये सुमारे १० अब्जांवर गेला, तोही अमेरिकेतली विक्री घटलेली असताना. अमेरिकेत जुन्या गाड्यांचे भाव जानेवारी २०२२ मध्ये वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ४० टक्क्यांहून जास्त चढलेले होते. गिऱ्हाइकाचा खिसा कापला गेला, यात वाद नाही.

पण टंचाईतून नफा झाला म्हणून टंचाई नफ्यासाठी घडवली, हे कसं? ते नाटक असतं तर सगळ्या कंपन्यांनी मिळून करायला हवं होतं. एकीने जरी गुपचूप गाड्या बनवल्या असत्या तरी दुसरीचं गिऱ्हाईक पळवलं असतं. आणि नेमकं तसंच घडलं. २०११ च्या भूकंपात नाकाचा हाच कारखाना बंद पडला होता. तेव्हा हात पोळलेल्या टोयोटाने आपल्या पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या चिप्स साठवून ठेवायला लावलं होतं. त्या साठ्यावर तिने २०२१ चा पूर्वार्ध काढला, आणि त्या वर्षी अमेरिकेत विक्रीत जनरल मोटर्सला मागे टाकलं. १९३१ पासून जनरल मोटर्सने तिथला पहिला क्रमांक सोडला नव्हता. नव्वद वर्षांचा पहिला क्रमांक नाटकापायी कोण घालवेल? पुढे टोयोटाचाही साठा आटला आणि सप्टेंबर २०२१ साठी ठरवलेल्या जागतिक उत्पादनात तिने ४० टक्के कपात केली. साठा असेपर्यंत गाड्या, साठा संपल्यावर कपात. याला माझ्या मते टंचाईच म्हणतात. अलिक्सपार्टनर्स या सल्लागार संस्थेने त्याच महिन्यात मांडलेल्या अंदाजानुसार त्या एका वर्षात जगभरात ७७ लाख गाड्या कमी बनणार होत्या आणि उद्योगाचा २१० अब्ज डॉलरचा महसूल बुडणार होता.

“काम झालं, टंचाई गायब!”

ऑक्टोबर २०२५. नेक्स्पेरिया ही नेदरलँड्समधली, चिनी मालकीची कंपनी. ती बनवते डायोड, ट्रान्झिस्टर असे अगदी साधे भाग, वर्षाला शंभर अब्जांहून जास्त नग. डच सरकारने कंपनीच्या कारभारात हस्तक्षेप केला, उलट चीनने आपल्याकडच्या तिच्या कारखान्यातून होणारी निर्यात रोखली. चकत्या युरोपात बनत होत्या, पण बहुतेक मालाचं पॅकेजिंग व्हायचं चीनमधल्या डोंगग्वानमध्ये. काही आठवड्यांतच गाडी कंपन्या आपापल्या पुरवठादारांकडे कुणाकडे किती दिवसांचा माल आहे याची विचारणा करत होत्या, आणि महिनाअखेरीस होंडाने मेक्सिकोतल्या सेलाया इथला कारखाना थांबवला. ज्या भागांपायी तो थांबला, त्यांतल्या कित्येकांची किंमत दोन डॉलरसुद्धा नव्हती; काही सेंट होती.