फॉरवर्ड करणाऱ्यांची बाजू

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा एका मित्राने लिहिलं, "आता आंदोलनं कुठे राहिलीत, नुसते हॅशटॅग! घरात बसून फॉरवर्ड करणाऱ्यांनी क्रांतीच्या गप्पा मारू नयेत." खाली अंगठ्यांची रांग. इथे जर्मनीत, हॅम्बुर्गला, सकाळच्या एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, ते वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

मार्च २०१८ सगळे विसरले? किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईपर्यंत जवळपास १८० किलोमीटर चालत आला. त्यात वनजमिनीचे पट्टे मागणारे कितीतरी आदिवासी होते. ते हॅशटॅगमुळे निघाले नव्हते. त्यामागे गावोगावच्या बैठका होत्या, वर्षानुवर्षांचं काम होतं. पण सोललेल्या तळव्यांचे फोटो मोबाइलवर फिरले आणि मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर उतरले. दहावीच्या मुलांची परीक्षा म्हणून ही माणसं रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेली, हेही तसंच घरोघर कळलं. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. मोर्चा फोनने काढला नाही, मान्य. शहराला तो आपला वाटला, त्यात फोनचा मोठा वाटा होता.

आणि या नुसत्याच गप्पा असत्या, तर फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राच्या सांगण्यावरून ट्विटरने कृषी कायद्यांविरुद्ध आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांचं 'किसान एकता मोर्चा' हे खातं भारतापुरतं काही तास का झाकलं? ते शेतकरी बसले होते त्या दिल्लीच्या सीमांवरचं इंटरनेट का तोडलं?

इथे हॅम्बुर्गला १९ जानेवारी २०२४ ला अतिउजव्यांविरुद्धच्या सभेला शहराच्या मध्यातल्या युंगफर्नश्टीग रस्त्यावर इतकी गर्दी लोटली, की सभा मध्येच आवरावी लागली. मला निरोप फोनवरच आला होता. माझ्या ऑफिसात त्यावरून कुणी कुणाला हिणवलं नाही.

पण त्या गर्दीत मी गप्प उभी होते. चौदा वर्षं झाली, जर्मन चांगलं येतं, तरी घोषणा ओठांवर येईना. २०१८ ला ते तळवे पाहून मात्र मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले होते आणि चार ओळी मराठीत लिहून ओळखीच्या प्रत्येकाला पाठवल्या होत्या. तेवढंच माझ्या हातात होतं. आजही तेवढंच आहे.

तो मित्र ठाण्यात राहतो. मोर्चा ठाण्यावरूनच गेला होता. "तू गेला होतास का?" असं मी ग्रुपवर लिहिलं, आणि पाठवण्याआधीच पुसलं. तो विचारणार, "आणि तू कुठे होतीस?"