शस्त्रकंपन्यांचा नफा? ऑर्वेलच्या युद्धात कंपनीच नाही

'ऑर्वेलने १९८४ सालीच लिहून ठेवलं होतं' हा फॉरवर्ड बारावीतल्या भाच्यापर्यंत पोचला आणि तो त्यातले मुद्दे जसेच्या तसे निबंधात उतरवायला बसला. म्हणून हा खटाटोप. फॉरवर्डचं म्हणणं असं: कायमचं युद्ध शस्त्रकंपन्यांच्या नफ्यासाठी असतं, प्रत्यक्षात युद्ध होतच नाही, सगळं नाटक, 'युद्ध जिंकण्यासाठी नसतं, चालू ठेवण्यासाठी असतं' हे ऑर्वेलचं वाक्य, आणि भारत या सगळ्यापासून लांब.

आधी साल. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी आली ८ जून १९४९ ला. १९८४ साली आला तो तिच्यावरचा मायकेल रॅडफर्डचा सिनेमा, आणि ते गाजलेलं वाक्य त्या सिनेमातलं. पुस्तकात ते त्या शब्दांत कुठेही नाही. २००४ मध्ये मायकेल मूरनेही आपल्या माहितीपटात ते ऑर्वेलच्या नावावर खपवलं. आशय पुस्तकाशी जुळतो, एवढं मान्य. अवतरणचिन्हांत मात्र घालू नये.

आता नफा. हे लिहिणाऱ्याने कादंबरीत सत्ताधारी पक्षाचा शत्रू गोल्डस्टाइन याच्या नावावर असलेल्या ग्रंथाचं 'युद्ध म्हणजे शांतता' हे प्रकरण उघडलेलंच नाही. ओशिआनियात, म्हणजे लंडन जिच्यात येतं त्या कादंबरीतल्या महासत्तेत, खाजगी कंपनी नाही, कारखाने सगळे पक्षाचे. मग नफा कमवायचा कुणी? तिथली अडचण नेमकी उलटी आहे. यंत्रांमुळे माल इतका तयार होऊ शकतो की सगळ्यांना पुरेल. सगळ्यांना पुरलं की हाताशी वेळ येतो, लोक शिकतात, आणि वर बसलेल्या मूठभरांचा उपयोग काय, असं विचारू लागतात. हे टाळायचं कसं? शेतीकडे परत जावं तर देश लष्करी दृष्ट्या लंगडा होतो. १९२० ते १९४० च्या काळात भांडवलशाही देशांनी केलं तसं उत्पादन रोखून धरावं, तर ही टंचाई विनाकारण आहे हे लोकांना दिसतं आणि ते भडकतात. उरतो एकच मार्ग: माल बनवायचा, पण वाटायचा नाही. एका तरंगत्या किल्ल्यात काही शे मालवाहू जहाजांची मेहनत ओतायची, तो जुना झाला म्हणून भंगारात काढायचा, आणि पुन्हा प्रचंड राबून पुढचा बांधायचा. त्या किल्ल्याने एक गोळा डागला की शंभर, हे गौण.

टंचाईही ठरवून राखलेली. बुटांचा सरकारी अंदाज १४.५ कोटी जोड, उत्पादन म्हणे ६.२ कोटी, जुनी वर्तमानपत्रं बदलण्याची सरकारी नोकरी करणारा नायक विन्स्टन जुना अंदाजच ५.७ कोटींवर आणतो, म्हणजे उद्दिष्ट ओलांडलं! आणि निम्मा देश बहुधा अनवाणी. वेढा पडलेल्या गावात घोड्याच्या मांसाचा तुकडा ज्याच्याकडे, तो श्रीमंत. इनर पार्टीचा, म्हणजे पक्षाच्या सगळ्यात वरच्या थरातला माणूस दोन-तीन नोकरांवर आणि बऱ्या घरावर वरचा ठरतो तो या हिशोबाने.

फॉरवर्डवाल्यांना एक गोष्ट सुचलीच नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. हरण्याची खरी भीती असलेल्या देशाला थापा परवडत नाहीत. राजकारणात दोन अधिक दोन पाच चालून जातील. तोफ किंवा विमान बनवताना चारच लागतात. न हरता येणारं युद्ध असेल तर ही शेवटची अटही सुटते, आणि कालचं वर्तमानपत्र आज खुशाल बदलता येतं.

'युद्ध होतच नाही' हा मुद्दा निव्वळ चूक नाही, घातक आहे. लंडनवर आठवड्याला वीस-तीस रॉकेटबॉम्ब पडतात. ते आपलंच सरकार टाकत असेल, असं विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया म्हणते खरी. पण तो एका पात्राचा तर्क झाला. युरेशिया या शत्रू महासत्तेचे कैदी ट्रकमधून लंडनभर नेले जातात, त्यांना जाहीर फाशी होते. ग्रंथ म्हणतो, लढतात ती थोडी, प्रशिक्षित माणसं, तीही दूरच्या सीमेवर, आणि मरतात तुलनेने कमी. कमी मरतात म्हणजे मरतच नाहीत असं नव्हे. हा फरक पुसला की सैनिकाच्या घरच्यांना 'सगळं नाटक होतं' म्हणायला कुणीही मोकळा.

राज्यकर्ते युद्धाच्या नावाने आपल्याच प्रजेशी लढतात, हे ग्रंथात आहे, बरं. पण तो ग्रंथ लिहिण्यात आपणही होतो, असं इनर पार्टीचा अधिकारी ओब्रायन पुढे सांगतो. त्यातलं वर्णन खरं, उठावाचा कार्यक्रम बाष्कळ, असंही. तेव्हा त्यातलं प्रत्येक वाक्य 'ऑर्वेल म्हणतो' म्हणून छापताना जरा दमानं घ्यावं.

राहिला भारत. तिन्ही महासत्ता ज्या चौकोनासाठी भांडतात त्याचे कोपरे टँजिअर, ब्राझाव्हिल, डार्विन आणि हाँगकाँग. जगाची पाचवा हिस्सा लोकसंख्या त्यात. दक्षिण भारत तिथे नावानिशी आहे, आणि भिंतीवरच्या साध्या नकाशावर रेषा ओढल्या तर मुंबई-नागपूरही आतच येतात. तिथली माणसं एका विजेत्याकडून दुसऱ्याकडे जातात आणि कोळशा-तेलासारखी जाळली जातात. कादंबरीच्या सुरुवातीलाच टेलिस्क्रीन, म्हणजे घराघरातला बातम्या देणारा आणि पाळतही ठेवणारा पडदा, मलबार आघाडीवरच्या मोठ्या विजयाची बातमी देतो. ऐकताक्षणीच विन्स्टनला कळतं की आता काहीतरी वाईट येणार. येतं: पुढच्या आठवड्यापासून चॉकलेट ३० ग्रॅमऐवजी २०.