‘अल्जिनेटने सासऱ्यांची जखम बिघडली’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा राग रास्त आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. कळव्याला राहणाऱ्या तुमच्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, चार महिन्यांची जखम आहे. बायोपॉलिमर, म्हणजे सजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांच्या ड्रेसिंगवरचा इथला लेख वाचून तुम्ही तीन आठवडे अल्जिनेट, म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेली धाग्यांची पट्टी, लावून घेतलंत. सुरुवातीला ते चिकटून बसलं, धागे ओढताना रक्त आलं. तिसऱ्या आठवड्यात पट्टीखाली पिवळट, बुळबुळीत, वासाचं काही दिसलं आणि पू झाला म्हणून तुम्ही ते थांबवलंत. आता तुमचं मत असं, की हा पैशांचा खेळ आहे. बीटाडीन, गॉज आणि जखम उघडी ठेवून वाळवणं हेच खरं.

आधी माझी चूक. अल्जिनेटने मधुमेही पायाची जखम लवकर भरते, असं त्या लेखात एक वाक्य होतं. ते मी काढून टाकलं आहे. मधुमेही पायांवरच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की जखम भरून यावी या हेतूने अल्जिनेट किंवा कोलॅजन (प्राण्यांपासून मिळणारं प्रथिन) यांची ड्रेसिंगं वापरू नका. अल्जिनेट स्राव शोषतं, तेवढंच त्याचं काम. माझ्या वाक्याने तुमची अपेक्षा वाढली, त्याचा दोष माझ्याकडे.

पण ते चिकटलं का, हे समजून घ्या. अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळापासून काढतात. ड्रेसिंगमधल्या त्याच्या साखळ्या कॅल्शियमने एकमेकींना जखडलेल्या असतात, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे कॅल्शियमचे कण मध्ये बसतात. जखमेच्या स्रावात सोडियम भरपूर असतं. ते कॅल्शियमची जागा घेतं, साखळ्या सैल होतात, पाणी आत ओढलं जातं आणि धाग्यांचा लगदा होतो. वजनाच्या पंधरा-वीस पट स्राव ते धरू शकतं. पण स्रावच नसेल तर ही अदलाबदल होणार कशी? धागे धागेच राहतात, जखमेतली होती नव्हती ती ओल ओढून घेतात आणि नव्या नाजूक थराला चिकटतात. चोवीस तासांनी पट्टी उघडल्यावर धागे कोरडे दिसले, तर ती जखम अल्जिनेटची नाही. तिथे हायड्रोजेल (जखम ओलसर ठेवणारं पाणीदार जेल) किंवा साधं पॅराफिन गॉज (पॅराफिन लावलेलं, सहसा न चिकटणारं जाळीदार कापड) लावतात. चिकटलेला तुकडा ओढायचा नाही. सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज त्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की तो सुटतो.

पाझरणाऱ्या जखमेवरही लावायची रीत आहे. तुकडा जखमेच्या मापाचाच कापायचा. कडेच्या चांगल्या कातडीवर चढला तर ती पांढरी पडते, सुरकुतते, आणि जखम त्या बाजूने वाढते. आधी भिजवून लावायचा नाही, शोषण्याची जागा तिथेच संपते. खोल पोकळीत ठासायचा नाही, फुगल्यावर दाब येतो. वर पॅड आणि बँडेज लागतंच. पॅडवर ओल कडेपर्यंत आली की बदलायचं, मग एकच दिवस झालेला का असेना. पावसात गल्लीतल्या पाण्याने बँडेज बाहेरून भिजलं तरी लगेच बदला. ओल्या पॅडमधून जंतूंना आत जायला वाटच मिळते.

आता तो पिवळा थर. वापरलेलं अल्जिनेट तसंच दिसतं आणि त्याला वासही येतो. म्हणून नियम असा, की आधी सलाईनने धुवायचं आणि मगच पाहायचं, मगच हुंगायचं. धुतल्यावर तळ लालसर आणि स्वच्छ असेल, तर तो लगदा होता. मात्र तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला त्या थरापेक्षा जास्त खटकते. पहिले दोन आठवडे ही जखम कोरडी होती आणि मग अचानक एवढी पाझरायला लागली. कोरडी जखम एकाएकी ओली होते, तेव्हा संसर्ग आहे का, हाडापर्यंत पोचलाय का, की पायावर भार वाढलाय, हे आधी तपासावं लागतं. डॉक्टर निर्जंतुक धातूच्या सळईने तळ चाचपतात. कडक हाड लागलं तर एक्सरे आणि पुढच्या तपासण्या होतात. जखमेभोवतीची लाली कडेपासून दोन सेंटिमीटरपलीकडे गेली, पाय गरम लागला, सूज किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. दुखत नाही म्हणून थांबू नका. त्या पायाला बधिरपणा असेल, तर दुखणारच नाही.

जखम वाळवण्याबद्दल: जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवलं, की प्लास्टिकच्या पातळ पडद्याखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने चढते. खपलीखालून पेशींना खोल वाट काढावी लागते. मात्र एका ठिकाणी तुमचं बरोबर आहे. रक्तपुरवठाच नाही अशा पायाचं काळं, सुकं, घट्ट बोट ओलं करायचं नाही. ते कोरडंच ठेवून रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

गॉजला माझा विरोध नाही, थेट जखमेवर सुकणाऱ्या गॉजला आहे. तोही धागे सोडतो आणि निघताना नवी त्वचा उचकटतो. मध्ये पॅराफिन गॉजचा थर टाका, चालेल. हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र घरातून काढून टाका, त्याने जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या पेशीही मरतात. खर्चाचा हिशोब एका तुकड्याच्या किमतीवर करू नका. आठवड्याला किती बदल आणि ड्रेसरच्या किती फेऱ्या, ते मोजा. तुमच्या घरी, कोरड्या जखमेवर, अल्जिनेटचा पैसा वायाच गेला, हे मान्य.

चिटोसान आणि कोलॅजनचंही तुम्ही विचारलंत. चिटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून येतं. त्याच्यावरचा धन भार लाल पेशींना धरून ठेवतो, म्हणून रक्त थांबवायला ते चांगलं. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. कोलॅजन गाय, डुक्कर किंवा माशाचं असतं. घरात कुणाची हरकत असेल तर पाकीट वाचून घ्या.

खरा प्रश्न पट्टीच्या खाली नाही, पायाच्या खाली आहे. अंगठ्याच्या मुळाशी प्रत्येक पावलाला भार येतो, तो काढल्याशिवाय कुठलंही ड्रेसिंग ही जखम भरणार नाही. पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, न काढता येणाऱ्या प्लास्टरला असते, पण रक्तपुरवठा आणि संसर्ग तपासल्यावरच. मधुमेहात घोट्याच्या धमन्या कडक होतात आणि तिथला रक्तदाब खोटा चांगला येतो, म्हणून पायाच्या बोटाचा रक्तदाब मोजायला सांगा. तो ३० mmHg च्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांचं काम आधी. एमसीआर (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल जखम भरल्यावर पाय जपायला चांगली, उघड्या जखमेला ती पुरत नाही. नवरात्रात ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या देवीला अनवाणी जायचा सासऱ्यांचा नेम असेल, तर या वर्षी दर्शन घरूनच घेऊ दे. त्यांच्या पायाला खडा टोचलेला कळणार नाही.

आज स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक जखमेवर धरून कडेची रेघ मारा, तारीख घाला. प्लास्टिकची जखमेला लागलेली बाजू फेकता यावी म्हणून ते दुहेरी घ्या. दर आठवड्याला तसंच करा. भार काढून चार आठवड्यांत क्षेत्र निम्म्यावर आलं नाही, तर पट्टी बदलत बसू नका, ती सगळी चित्रं घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा जा. बोटाचा दाब किती आला, ते इथे कळवा.