सात आसनी एसयूव्ही आणि सात माणसांचे कुटुंब : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेल्या लग्नसराईपासून आमच्या नातेवाइकांच्या आणि परिचितांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याचा आशय असा : वीस-पंचवीस लाखांतली मध्यम आकाराची सात आसनी एसयूव्ही घेतली की एकत्र कुटुंबाचा गाडीचा प्रश्न कायमचा सुटतो. तिच्यात सातही जण सामानासकट ऐसपैस बसतात. तिसरी रांग मुलांसाठीच असते, त्यामुळे तिथल्या जागेची चिंता नको. एसी शेवटच्या रांगेपर्यंत असतोच. धडकेच्या चाचणीत पाच तारे मिळालेल्या गाडीत सगळे सारखेच सुरक्षित असतात. डिझेल घेतले तर दोन वर्षांत जास्तीचे पैसे वसूल होतात. आणि एमपीव्ही, म्हणजे इनोव्हासारखी माणसांच्या जागेसाठी बांधलेली गाडी, ही टॅक्सीवाल्यांची, घरासाठी तिचा विचारही करू नये. माझ्या बहिणीच्या घरी याच मजकुरावर विसंबून गाडी जवळजवळ ठरली होती. तिच्या घरात सासू-सासरे धरून सहा माणसे आहेत आणि आमची आई बहुतेक प्रवासांत सोबत असते. एवढी मोठी रक्कम आयुष्यात एकदा-दोनदाच खर्च होते, म्हणून या मजकुरातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटले.

पहिला मुद्दा सात माणसे आणि सामान यांचा. तो सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत चुकीचाही. टाटा सफारीची लांबी 4668 मिलिमीटर आहे आणि महिंद्रा एक्सयूव्ही700 ची 4695 मिलिमीटर. याच लांबीत इंजिन, तीन रांगा आणि डिकी बसवायची असते. तिन्ही रांगा उभ्या ठेवल्यावर सफारीच्या डिकीत कंपनीच्याच आकड्यानुसार 73 लिटर जागा उरते आणि ह्युंदाई अल्काझारच्या डिकीत 180 लिटर. मध्यम आकाराच्या एका सुटकेसचे घनफळच 65-70 लिटर असते. म्हणजे सात माणसे बसली की पहिल्या गाडीत एक सुटकेस आणि दुसरीत फार तर दोन. सात जणांचे दोन दिवसांचे कपडे, आजोबांच्या औषधांची पिशवी, पाण्याचा कॅन आणि परतताना कोणीतरी प्रेमाने दिलेली संत्र्याची पेटी यांना जागा उरत नाही. मग तिसऱ्या रांगेतले अर्धे आसन पाडून सामान ठेवले जाते, आणि सात आसनी म्हणून पैसे मोजलेली गाडी सहा जणांची होते. सामान छतावरच्या कॅरिअरवर बांधले तर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. उंच गाडीच्या बाबतीत वळणावर याचा परिणाम जाणवतो, आणि चिखलदऱ्याच्या घाटात तो जाणवलेला मी स्वतः पाहिला आहे.

बसण्याच्या जागेचे मोजमाप शोरूममध्ये कसे दाखवले जाते, हेही सांगितले पाहिजे. बहिणीबरोबर आम्ही नागपुरात वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो, तेव्हा विक्री प्रतिनिधीने आधी मधली रांग रुळावरून पुढे सरकवली आणि मग आम्हाला तिसऱ्या रांगेत बसायला सांगितले. माझे गुडघे कुठेही टेकले नाहीत आणि सगळ्यांना समाधान वाटले. मी तसाच बसून राहिलो आणि भाऊजींना मधल्या रांगेत बसण्याची विनंती केली. त्यांचे गुडघे पुढच्या आसनाच्या पाठीत रुतत होते, म्हणून त्यांनी आसन स्वतःला सोयीचे होईल इतके मागे घेतले, आणि त्याच क्षणी माझ्या गुडघ्यांपुढची जागा संपली. जागा एकच होती. ती आधी मला दाखवली गेली आणि नंतर त्यांना मिळाली. त्यामुळे मोजमापाचा क्रम पुढून मागे असावा. घरातला सर्वांत उंच चालक ज्या स्थितीत गाडी चालवतो तिथे पहिले आसन ठेवावे, त्यामागे उंच माणूस नीट बसेल अशी मधली रांग लावावी, आणि मग जे उरेल ती तिसरी रांग समजावी.

गुडघ्यांपेक्षाही मोठी अडचण मांड्यांची असते, आणि ती पाच मिनिटांत कळत नाही. तिसऱ्या रांगेखाली मागची चाके, त्यांची जोडणी आणि बऱ्याच गाड्यांत स्टेपनी यांची व्यवस्था असल्याने तिथली फरशी उंच असते. छत तेवढ्या प्रमाणात उंच करता येत नाही, म्हणून आसन फरशीच्या अगदी जवळ बसवावे लागते. परिणामी गुडघे छातीकडे येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि शरीराचा सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. आमची आई तिथे चढताना एक हात दाराच्या वरच्या कडीला, दुसरा दुमडलेल्या आसनाला आणि एक पाय उंच पायरीवर, अशी काही क्षण अडकून राहिली. तिला उतरवायला दोघांना हात द्यावा लागला.

यावर मजकुरातले उत्तर तयार आहे, की ती रांग मुलांसाठीच आहे. हे विधान वरवर समजूतदार वाटते, पण मला ते सर्वांत जास्त खटकते. लहान मूल बाल-आसनात बसवायचे असेल तर त्या आसनाच्या पक्क्या जोडणीची, म्हणजे आयसोफिक्सची, सोय बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेत असते, तिसऱ्या रांगेत नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बाल-आसन नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण मुद्दा दंडाचा नाही. तिसऱ्या रांगेत बसलेल्याचे डोके आणि मागची काच यांत वीतभर अंतर असते, आणि मागून धडक बसली तर ती झेलायला तिथे डिकीची लांबी उरलेली नसते. शिवाय मुले मोठी होतात. आज नऊ वर्षांचा असलेला भाचा गाडीचे कर्ज फिटेपर्यंत सोळा वर्षांचा होईल.

आता नागपूरकरांच्या दृष्टीने निर्णायक असलेला मुद्दा, एसीचा. गेल्या वर्षी मे महिन्यात, नवतपा सुरू असताना, आम्ही एका परिचितांच्या सात आसनी एसयूव्हीने शेगावला दर्शनाला गेलो होतो. पहाटे निघालो तोवर सगळे छान होते. दर्शन आणि जेवण करून दुपारी परत निघालो. शेगावहून नागपूरला येताना गाडीचे तोंड पूर्वेकडे असते आणि दुपारनंतरचे ऊन थेट मागच्या काचेतून आत येते. तिसऱ्या रांगेत मी आणि भाचा होतो. डॅशबोर्डवर आतले तापमान 22 दिसत होते, पुढे बसलेल्या बहिणीने अंगावर ओढणी घेतली होती, आणि माझ्या मानेमागची प्लास्टिकची पट्टी हात ठेववत नाही इतकी तापली होती. भाच्याने ओला रुमाल डोक्यावर धरला होता आणि अकोला येईपर्यंत तो वाळून कडक झाला. तिथे थांबून आम्ही मागच्या काचेला आतून टॉवेल लावला. वाहन चालवणाऱ्याला मागचे दिसेनासे झाले, म्हणून पुढचा सगळा प्रवास त्यांना हळू करावा लागला.

त्या गाडीत तिसऱ्या रांगेत एसीच्या जाळ्या होत्या, वेगळे बटणही होते. पण जाळी असणे आणि थंड हवा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काही गाड्यांत मागच्या भागासाठी स्वतंत्र कूलिंग कॉइल असते आणि ती तिथलीच हवा थंड करते. काही गाड्यांत मागे फक्त ब्लोअर असतो, जो पुढून आलेली हवा ओढून मागे फेकतो. वाटेत पाच माणसांच्या अंगाला लागून आलेली ती हवा 45 अंशांच्या दिवसात काय थंडावा देणार? शोरूममध्ये विचारायचा नेमका प्रश्न ‘तिसऱ्या रांगेत एसी आहे का’ हा नसून ‘तिसऱ्या रांगेसाठी वेगळी कॉइल आहे की नुसता ब्लोअर’ हा आहे. पुण्या-नाशकात हा फरक सोसून जाता येईल, पण विदर्भात नाही. मोठ्या काचेच्या सनरूफबद्दलही हेच म्हणेन. तिचा पडदा पातळ असेल तर एप्रिल ते जून आपण डोक्यावर तापलेली काच घेऊन फिरतो, आणि त्या आवृत्तीसाठी पैसेही जास्त देतो.

सुरक्षेचा मुद्दा मात्र सावधपणे मांडला पाहिजे, कारण ताऱ्यांना किंमत नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना धडकेच्या चाचणीवरून तारे देणारी आपली योजना, लागू झाले, ही चांगलीच गोष्ट आहे, आणि सफारीला तिथे मिळालेले पाच तारे कष्टाने मिळवलेले आहेत. तरीही चाचणी नेमके काय मोजते हे समजून घ्यावे. समोरच्या धडकेची चाचणी ताशी 64 किलोमीटर वेगाने होते, प्रौढांचे पुतळे पुढच्या दोन आसनांवर असतात आणि मुलांचे पुतळे मागे बाल-आसनांत बांधलेले असतात. मागून बसणाऱ्या धडकेची चाचणी त्यात नाही, आणि तिसऱ्या रांगेत प्रौढ माणसाचे काय होते याला गुण नाहीत. त्यामुळे ‘सगळे सारखेच सुरक्षित’ हा निष्कर्ष त्या ताऱ्यांतून निघत नाही. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का, आणि तिथे डोक्याला टेकण मिळेल इतक्या उंचीचे हेडरेस्ट आहे का, हे प्रत्येक गाडीत स्वतः पाहावे लागते.

समृद्धी महामार्गामुळे हा प्रश्न आणखी गंभीर झाला आहे. 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला आणि कारसाठी वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे. त्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर जाते, आणि 80 च्या तुलनेत तिची गतिज ऊर्जा सव्वादोन पट असते. सात माणसे आणि सामान मिळून पाचशे किलोपर्यंत वजन होते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरमधल्या हवेचा तक्ता चिकटवलेला असतो आणि त्यात पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा, जास्तीचा दाब दिलेला असतो. तो तक्ता वाचणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत. तापलेल्या काँक्रीटवर, भरलेल्या गाडीत, कमी हवेच्या टायरने तासन् तास जाणे हे कोणत्याही ताऱ्यांनी भरून निघणारे नाही.

डिझेलच्या वसुलीचा हिशेब सरळ मांडून पाहू. समजा पेट्रोल आवृत्ती 18 लाखांची आणि डिझेल 19 लाखांची आहे. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला 12 टक्के आणि डिझेल गाडीला 14 टक्के रस्ता-कर पडतो. म्हणजे करातच 50 हजारांचा फरक आला आणि एकूण फरक दीड लाखाचा झाला. पेट्रोल 104 रुपये आणि डिझेल 91 रुपये लिटर धरले, पेट्रोल गाडी लिटरला 10 आणि डिझेल गाडी 13 किलोमीटर जाते असे मानले, तर किलोमीटरमागे सुमारे 3 रुपये 40 पैसे वाचतात. दीड लाख भरून निघायला 44 हजार किलोमीटर लागतात. वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला मजकुरातली दोन वर्षे साधारण बरोबर आहेत. पण बहिणीच्या घरासारखे ज्यांचे वर्षाचे आठ हजारच होते, त्यांना साडेपाच वर्षे लागतील. त्यातही प्रतापनगर ते धरमपेठ अशा रोजच्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत डिझेल गाडीचे धूर-गाळणी फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतके तापत नाही, काजळी साचत जाते आणि एक दिवस सर्व्हिस सेंटरची वाट धरावी लागते. आणखी एक गोष्ट : कंपनीने सांगितलेले मायलेज ज्या चाचणीत मोजले जाते, तिच्यातला सर्वाधिक वेगच ताशी 90 किलोमीटर असतो. 120 ने जाणाऱ्याने त्या आकड्यावर हिशेब बांधू नये.

उंच गाडी म्हणजे कुठेही जाणारी गाडी, हा समज मजकुरात आडून येतो. त्यावर एवढेच सांगणे पुरे, की अल्काझारसारख्या गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते आणि चिखलात त्या इतर कारसारख्याच रुततात.

राहिला एमपीव्हीचा मुद्दा. टॅक्सीवाले ती गाडी घेतात, हे खरे आहे. पण ते का घेतात, हा विचार मजकूर लिहिणाऱ्याने केलेला नाही. ज्याला रोज सात अनोळखी माणसे बसवून, त्यांच्या तक्रारी ऐकून पोट भरायचे आहे, तो दिसण्यासाठी नव्हे तर जागेसाठी गाडी निवडतो. टोयोटा इनोव्हा हायक्रॉसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर 2850 मिलिमीटर आहे, सफारीचे 2741. हे अकरा सेंटिमीटर तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याच्या गुडघ्यांना जाणवतात, आणि सगळ्या रांगा उभ्या असताना तिच्या डिकीत 300 लिटर जागाही उरते. किया कॅरेन्स लांबीने सफारीपेक्षा लहान असूनही सात जण बसल्यावर तिच्या डिकीत 216 लिटर जागा असते. हायक्रॉस महाग आहे आणि कॅरेन्स आकाराने साधी दिसते, हे मला मान्य आहे. ज्यांच्या घरी चार-पाच माणसे आहेत आणि वर्षातून दोनदा पाहुणे येतात, त्यांनी एसयूव्ही आनंदाने घ्यावी आणि तिसरी रांग एरवी दुमडून ठेवावी. पण ज्या घरातून दर महिन्याला सात जण एकत्र निघतात, त्या घराचा विचार वेगळा करावा लागतो.

बहिणीने बुकिंगची रक्कम अजून भरलेली नाही. शोरूमला तिने कळवले आहे की पुढची टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोन वाजता हवी, सातही जण आणि दोन सुटकेस बरोबर असतील, आणि गाडी बुटीबोरीपर्यंत नेऊन परत आणायची आहे. आईने या वेळी तिसऱ्या रांगेत बसायला नकार दिला आहे. तिथे भाऊजी बसणार आहेत.